गच्ची, पत्रे, कौलं: मृगाआधी उरकायची कामं

छपराचं काम मेच्या शेवटच्या आठवड्यात काढायचं नाही, हे आधी कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुंबई-ठाण्यात मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून आहे खरी, पण ‘निसर्ग’ वादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलं आणि ‘तौक्ते’ १७ मे २०२१ ला आपल्या किनाऱ्यावरून वर सरकलं. दोन्ही वेळी ज्यांच्या गच्चीवर काम अर्धवट होतं त्यांचे हाल झाले. नव्या कोब्याला, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराला, आठवडाभर तरी पाणी मारत ठेवावं लागतं, मग तो खडखडीत वाळल्याशिवाय वरचा कोट मारता येत नाही. मेच्या अखेरीस गवंडी गावाला गेलेले असतात आणि वॉटरप्रूफिंगवाल्याने एकाच वेळी दहा सोसायट्यांना ‘उद्या येतो’ सांगितलेलं असतं. म्हणून पाहणी होळीच्या सुमारास, दरपत्रकं गुढीपाडव्यापर्यंत, काम अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे आणि १५ मेला गच्ची झाडून मोकळी.

इतक्या लवकर हात घालायचं कारण असं की आपल्याकडे स्लॅबचं नुकसान पाऊस पडण्याआधीच झालेलं असतं. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या, काळवंडलेल्या गच्चीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. चप्पल काढून दोन पावलं टाकली की कळतं. वीस मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांनी तापला तर साधारण सहा मिलिमीटर लांबतो, रात्री तेवढाच आकसतो. हे रोज चालतं. त्यात भर दुपारी वळवाची सर आली की तापलेला कोबा एकदम गार पडतो आणि केसाएवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून आधी हवा आत जाते. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि काँक्रीटचा जो १२-१३ सामू (पीएच) आतल्या सळ्यांना सुरक्षित ठेवतो, तो हळूहळू ९ च्या आसपास उतरतो. ही क्रिया फार कोरड्या किंवा पूर्ण भिजलेल्या काँक्रीटमध्ये मंदावते, मधल्या दमटपणात जोरात होते, म्हणजे आपल्या दिवाळी ते मे या काळात. मग पावसाळा पाणी पुरवतो, ऐरोली, वाशी, कोपरीसारख्या खाडीकाठच्या भागात हवेतलं मीठही जोडीला येतं, आणि सळ्या गंजू लागतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. ती जागा मिळाली नाही की तो खालचं काँक्रीट ढकलून देतो. बेडरूमच्या छतातून पोपडा नव्हे, थेट काँक्रीटची लादी पडते ती यामुळे.

पहिली फेरी उन्हात मारा, आणि वर जाण्याआधी सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरांत डोकावून कुठे ओल येते ते वहीत टिपा. पण ओल जिथे दिसते त्याच्या बरोब्बर वर भेग शोधू नका. पाणी कोब्याखालून उतार धरून चालत जातं आणि सापडेल त्या फटीतून खाली येतं, कधी वीस फूट लांब, कधी पंख्याच्या हुकाजवळ किंवा लाइटच्या पाइपातून. वर गेल्यावर हातोडीच्या दांड्याने कोबा ठोकत चला. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर थर सुटलाय, तिथे खडूने गोल करा. कठडा आणि गच्ची मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर वाटा नीट बघा. सर्वांत आधी तोच सुटतो, कारण कठडा आणि स्लॅब वेगवेगळे तापतात, वेगवेगळे हलतात. कठड्याचा माथा आणि बाहेरची बाजूही बघा. तिथे पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं खुडू नका, मूळ आत राहिलं की पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतं. मुळासकट काढा, भेग खोदून साफ करा, मग भरा.

सोसायटीत वाळवणं घालायला वर जाणाऱ्या एखाद्या आजी असतील तर त्यांना सोबत न्या. पाणी कुठे साचतं, कुठे शेवाळ धरतं, हे कमिटीपेक्षा त्यांना नेमकं माहीत असतं.

आता भोकांकडे या, कारण माझ्या मते निम्मी गळती माणसाने स्वतःच्या हाताने केलेली असते. डिश अँटेनावाला येतो, ड्रिलने थेट कोब्यात चार बोल्ट मारतो, पाच मिनिटांत चित्र आलं की निघून जातो. दोन वर्षांनी घरवाला कनेक्शन बदलतो, अँटेना जाते, बोल्ट कापले जातात, भोकं राहतात. केबलवाला, इंटरनेटवाला, सोलर वॉटर हीटरचा स्टँड, कुणाच्या तरी वाळत घालायच्या दोरीचे खांब, सगळ्यांची हीच कथा. प्रत्येक भोक शोधा, धूळ फुंकून काढा, न आकसणाऱ्या ग्राउटने (भेगा-भोकं भरायच्या पातळ मसाल्याने) भरा आणि वर कोटिंग घ्या. पुढे कुणालाही स्टँड लावायचा असेल तर तो सिमेंटच्या जड ठोकळ्यावर बसवायचा, स्लॅबला भोक पाडायचं नाही, असा ठराव कमिटीने करून जिन्यात लावावा. भांडण होईल, होऊ द्या.

पावसाळी पाण्याच्या पाइपांची तोंडं बघणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर वीस हजार लिटर पाणी होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, त्याचा हिशोब तुम्हीच करा. एवढं पाणी चार-सहा तोंडांतून जायचं असतं आणि त्यातल्या दोघांत कबुतराचं घरटं, तिसऱ्यात प्लास्टिकची पिशवी. सपाट जाळ्या काढून फुगीर जाळ्या बसवा, म्हणजे पालापाचोळा अडकला तरी बाजूने पाणी जातं. जाळी बसवून झाली की प्रत्येक तोंडात बादलीभर पाणी ओता आणि खाली एक माणूस उभा करून ते बाहेर पडतं का ते बघा. पाणी मध्येच कुठल्या तरी मजल्याच्या भिंतीत झिरपत असेल तर पाइपाचा सांधा फुटलाय. मग गच्चीवर कितीही खर्च केलात तरी त्या भिंतीची ओल जाणार नाही.

कोटिंगबद्दल थोडक्यात. चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, शाबूत असेल तर त्याला तोडू नका, फक्त सांधे भरून घ्या. पांढरा असल्याने तो ऊनही परतवतो. साधा कोबा असेल तर पांढरं, लवचीक अॅक्रिलिक कोटिंग चांगलं, त्याने खालची खोलीही जरा गार राहते. मात्र ते ओलसर कोब्यावर किंवा भर दुपारी तापलेल्या कोब्यावर मारलं की फुगे येतात आणि गणपतीपर्यंत पापुद्रे निघतात. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर मारून घ्या, पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा नको. जुन्या कोब्यावर नवा कोबा ओतायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा. एक इंच जाडीचा थरसुद्धा चौरस मीटरला पन्नास किलोच्या वर वजन वाढवतो, आणि ते वजन त्याच गंजक्या सळ्यांवर बसतं. काम झाल्यावर तोंडं बंद करून दोन इंच पाणी दोन-तीन दिवस भरून ठेवा आणि खाली बघा. स्लॅब जुना, पोपडे पडलेला असेल तर मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय ही चाचणी करू नका, तेही वजनच आहे.

लिफ्टची मशीन रूम विसरू नका. तिचं छप्पर वेगळं असतं, तिथे कुणी जात नाही, आणि गळली तर पाणी थेट विजेच्या पॅनेलवर. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो रोज एकाच जागी पडत असेल तर पाइप लांबवा, बॉलकॉक बदला. दोन विंगांमधल्या एक्स्पान्शन जॉइंटवरची पट्टी उखडली असेल तर ती सिमेंटने बुजवू नका. तो सांधा हलण्यासाठीच ठेवलेला असतो.

गळतीला कंटाळून गच्चीवर पत्र्याची शेड घातलेल्या सोसायट्या ठाण्यात आणि नवी मुंबईत गल्लोगल्ली आहेत. घालायची असेल तर महापालिकेची परवानगी आधी. घातलेली असेल तर वर चढून बोल्ट बघा. ते पत्र्याच्या उंचवट्यावर हवेत, खोलगट भागात नकोत. बोल्टखालचे वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात, ते दर दोन-तीन वर्षांनी बदलावेत. सैल पत्रा वादळात पहिला उडतो आणि खाली रिक्षा उभ्या असतात. शेडखाली जुनी कपाटं, गाद्या, सायकली कोंबल्या असतील तर काढा. तिथे हवा खेळली पाहिजे, नाहीतर पत्र्याच्या आतल्या बाजूला पहाटे पाणी धरतं आणि शेड असूनही स्लॅब ओला राहतो.

चरई, उथळसर, चेंदणी कोळीवाडा किंवा दिवाळे, सारसोळेसारख्या गावठाणांत ज्यांचं अजून कौलारू घर आहे, त्यांना शाकारणी कुणी शिकवायला नको, पण माणसं मिळणं अवघड झालंय, म्हणून मार्चमध्येच सांगून ठेवा. कौलं सगळी उतरवून चाळली तर उत्तम. नाही जमलं तर निदान आढ्यावरची आणि पन्हाळीजवळची तरी बघा. उपवन-येऊरच्या पायथ्याला माकडं कौलं सरकवतात, तिथे हे काम पावसाळ्यातही अधूनमधून करावं लागतं. पोटमाळ्यावर बॅटरी घेऊन चढा. वाशांची भिंतीत गेलेली टोकं पेचकसाने टोचा. टोक सहज आत गेलं तर लाकूड आतून गेलंय. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी ते खायला लागते, आणि मग वाळवी. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाली वाळवी घरातूनच उडताना दिसली तर वारूळ घरातच आहे, बाहेर शोधू नका. पोटमाळ्यावर साठवलेले पुठ्ठ्याचे खोके खाली आणा. समोरासमोरच्या दोन झडपा उघड्या राहतील अशी व्यवस्था करा, जाळी लावून.

फ्लॅटच्या आत एक फसवी गोष्ट असते. जुलैत हवा इतकी दमट असते की पंचवीस अंशांच्या आसपास गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. एसी वीसवर ठेवून झोपलात तर फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीतली दमट हवा गार जिप्समवर पाणी सोडते, डाग पडतो, आणि आपण सोसायटीशी भांडायला जातो. खात्री करायची तर फॉल्स सीलिंग नसलेल्या डागावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दिवसभर ठेवा. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आलं तर ते हवेतलं, छताकडच्या बाजूला आलं तर स्लॅबमधलं. हवेतलं असेल तर एसी पंचवीस-सव्वीसवर ठेवा, एसीच्या गार नळ्यांना फोमचं आवरण घाला, बाथरूमचा एक्झॉस्ट पोकळीत नाही तर बाहेर सोडा. दोन्ही परिस्थितींत ओल असताना वरून ऑइल पेंट मारू नका. काळी बुरशी पुसायची असेल तर मास्क लावून, ओल्या फडक्याने, खिडकी उघडी ठेवून.

छताला सळीच्या रेषेत सरळ तडा, तपकिरी डाग किंवा फुगवटा असेल तर रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सुटलेलं काँक्रीट काढून, सळीचा गंज तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक कोट देऊन मग पॉलिमर मॉर्टर, हा क्रम आहे. नुसता सिमेंटचा गिलावा थापला की दोन पावसांत सगळं खाली. इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ (अ) नुसार स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारकच आहे. वाशी-नेरूळच्या जुन्या सेक्टरांतल्या बऱ्याच इमारती त्यात बसतात. त्या तपासणीच्या अहवालात इमारतीला श्रेणी मिळते. सी-१, म्हणजे अतिधोकादायक, आलं तर दुरुस्तीचा विषय संपला, इमारत रिकामी करायची. सी-२ बी म्हणजे घरात राहून दुरुस्ती शक्य. आणि टेरेसची गळती ही वरच्या मजलेवाल्याची एकट्याची डोकेदुखी नाही. गच्ची सोसायटीची, तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) तिचा खर्चही सोसायटीचाच, हे सर्वसाधारण सभेत शांतपणे सांगता आलं पाहिजे.

जूनच्या पहिल्या दिवशी गच्चीच्या दारामागे एक फावडं, खराटा, लांब बांबू आणि जाड ताडपत्री ठेवा, आणि मोठ्या पावसात कोण वर जाईल त्या दोघांची नावं ठरवा. गच्चीची किल्ली वॉचमनकडे हवी, सेक्रेटरीच्या कपाटात नको. दुसरी फेरी दसऱ्यानंतर, स्लॅब वाळायला लागल्यावर. तेव्हा ओलीच्या कडा स्पष्ट दिसतात, फोटो तारखेसकट काढून ठेवा. कंत्राटदाराला निदान दहा टक्के रक्कम या फेरीनंतरच द्यायची, हे काम सुरू करण्याआधीच करारात लिहून घ्या. तोंडी ठरलं तर ऑगस्टमध्ये त्याचा फोन लागत नाही.