ऑइल चेंज उशिरा करता? मग स्वस्तातला चांगला ऑइल फिल्टर असा निवडा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी माझ्या गाडीचा जुना ऑइल फिल्टर कापून बघितला. गाडी पेट्रोल, ऑइल फुल सिंथेटिक, मॅन्युअलमध्ये १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष दिलेलं आणि त्यातले साडेनऊ हजार झालेले, म्हणजे नियमाबाहेर काहीच नव्हतं. फक्त फिल्टर घेताना मी साठ-सत्तर रुपये वाचवले होते. आत बघतो तर कागदाच्या घड्या एका बाजूला चेपून एकमेकींना चिकटलेल्या, कागदाची दोन टोकं जिथे जोडतात तिथला जोड बोटभर उकललेला, आणि तोंडाशी जी काळी रबराची चकती असते ती दोन बोटांत धरून वाकवली तर वाकली नाही, शिळ्या पापडासारखी कट्‌कन तुटली. म्हणजे त्या उकललेल्या फटीतून ऑइल न गाळताच इंजिनात फिरत होतं, आणि त्याच गाडीतून आम्ही आईबाबांना घेऊन दोनदा पुण्याला जाऊन आलो होतो.

तेव्हापासून फिल्टर मी नीट हातात घेऊन, बघून घेतो. सगळ्यात महागडाच घ्या असं मी अजिबात म्हणत नाही, साध्या पेट्रोल गाडीसाठी दोनशे-तीनशेत उत्तम फिल्टर मिळतो, फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे.

१. आधी आपलं इंटरव्हल (दोन ऑइल चेंजमधलं अंतर) खरं किती ते ठरवा

मॅन्युअल उघडा. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष असतं, काही गाड्यांना १५,००० सुद्धा असतं, आणि यात 'जे आधी होईल ते' हे शब्द महत्त्वाचे आहेत, ते लोक विसरतात. त्याच पानावर खाली बहुतेक वेळा कठीण वापरासाठी वेगळा आकडा दिलेला असतो: धूळ, ट्रॅफिक, जवळजवळच्या फेऱ्या, खूप ऊन. आता इंदुरात राहून यातलं काय आपल्याला लागू नाही सांगा! रामबागेतून निघून राजवाड्याला जायचं, गाडी धड गरम व्हायच्या आत बंद करायची, परत यायचं, असं रोज चालत असेल तर ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडून जायला वेळच मिळत नाही.

मी एक साधा हिशोब करतो. शहरात सरासरी वेग ताशी २० धरला तर १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन ५०० तास चाललं, आणि हायवेला सरासरी ६० धरली तर तेच १०,००० किलोमीटर १६७ तासांत होतात. मीटर दोन्हीकडे तेवढंच दाखवतो, पण ऑइलने तिप्पट वेळ काम केलेलं असतं. तेव्हा देवास, उज्जैन, धुळे अशी लांबची धाव जास्त असेल तर पूर्ण इंटरव्हल खुशाल वापरा, फक्त गावातच फिरत असाल तर सात-साडेसात हजारांवर बदला.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा की फिल्टर कितीही भारी घेतला तरी तो ऑइलचं आयुष्य वाढवत नाही. फिल्टर कचरा धरतो. ऑइलमधलं ॲसिड, मिसळलेलं पेट्रोल, संपत आलेले ॲडिटिव्ह (ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं) यांचं तो काही करू शकत नाही. डिझेलवाल्यांना तर ऑइल काही शे किलोमीटरमध्येच काळं दिसतं आणि ते फिल्टरला शिव्या देतात, पण काजळीचे कण एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक असतात आणि त्यांना तरंगत ठेवणं हे ऑइलचंच काम आहे, त्यामुळे काळं ऑइल म्हणजे फिल्टर खराब असं समजू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर हे सगळं वाचून ठेवा पण फिल्टर कंपनीचाच, सर्व्हिस सेंटरमधूनच टाका आणि बिल जपून ठेवा.

२. पार्ट नंबर जुळवा, नुसता आटा (फिल्टर फिरवून चढवायची चुडी) जुळला म्हणून घेऊ नका

हे मी मुद्दाम सांगतोय कारण दुकानात हमखास असं होतं की एकाचा फिल्टर दुसऱ्याला फिट बसतो. एम २० गुणिले १.५ हा आटा कितीतरी गाड्यांना चालतो, तेव्हा फिल्टर चढतो हो, पण रबर रिंगचा व्यास थोडा वेगळा असेल तर ती बसायच्या जागेवर अर्धवट दाबली जाते आणि एक दिवस हायवेवर ऑइल बाहेर. दुसरं म्हणजे आत एक बायपास वॉल्व असतो. सकाळी ऑइल घट्ट असताना किंवा फिल्टर चोंदल्यावर कागदातून ऑइल पुरेसं जात नाही, तेव्हा हा वॉल्व उघडून न गाळलेलं ऑइल सरळ पुढे सोडतो, कारण इंजिनला ऑइलच न मिळण्यापेक्षा मळकं ऑइल परवडलं. तो किती दाबाला उघडेल हे इंजिनप्रमाणे ठरतं, साधारण १ बारच्या आसपास, थोडं कमी-जास्त. चुकीच्या फिल्टरमध्ये तो लवकरच उघडत राहिला तर अख्खं वर्ष निम्मंशिम्मं ऑइल गाळलंच जात नाही.

काही जण लांब इंटरव्हलसाठी त्याच आट्याचा उंच, मोठा फिल्टर लावतात, कागद जास्त म्हणून कचरा जास्त मावतो. कल्पना चांगली आहे, पण रिंगचा व्यास आणि बायपासचा दाब दोन्ही जुळत असतील आणि खाली जागा असेल तरच. आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) खाली लोंबणारा फिल्टर मी तरी लावणार नाही.

३. कागद

खरी गंमत इथे आहे. फिल्टरच्या डब्यावर '९९ टक्के' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा की ९९ टक्के, पण किती मायक्रॉनचे कण? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. ४० मायक्रॉनचे ९९ टक्के कण धरणं सोपं आहे, २० मायक्रॉनचे ९९ टक्के धरणारा फिल्टर म्हणजे खरंच चांगला. बेअरिंगच्या फटीत शिरून घासणारे कण त्याहूनही बारीक असतात, म्हणून हा आकडा बघायचा. याची ठरलेली टेस्ट आहे, आयएसओ ४५४८-१२, त्याच टेस्टमध्ये फिल्टर किती ग्रॅम कचरा पोटात ठेवतो हेही मोजतात. कंपनीच्या साइटवर तुमच्या नंबरची डेटाशीट असेल तर हे दोन आकडे शोधा. बीटा (फिल्टरआधी किती कण आणि नंतर किती, याचं गुणोत्तर) लिहिलेलं असेल तर बीटा २ म्हणजे निम्मेच कण धरले, बीटा ७५ म्हणजे ९८.७ टक्के आणि बीटा १०० म्हणजे ९९ टक्के.

पाच हजारांवर ऑइल बदलणाऱ्याला साधा सेल्युलोज कागद भरपूर झाला. दहा-पंधरा हजार चालवायचं असेल तर ग्रॅमचा आकडा, म्हणजे पोट किती मोठं, हे जास्त महत्त्वाचं. सिंथेटिक किंवा मिक्स धाग्याच्या फिल्टरमध्ये कचरा खोलवर मावतो आणि गरम ऑइलमध्ये, ओलाव्यात तो लवकर लेचापेचा होत नाही. पण म्हणून सिंथेटिकच पाहिजे असंही नाही, १०,००० ला कंपनीने जो कागदी फिल्टर दिलाय तो त्याच १०,००० साठी बनवलेला असतो.

आकडे मिळाले नाहीत तर मोबाइलचा टॉर्च लावून मधल्या भोकातून आत बघा. मधली नळी सरळ आणि पक्की हवी, तिची भोकं साफ कापलेली हवीत. कार्ट्रिज (पत्र्याच्या डब्याविना नुसता कागदी फिल्टर) असेल तर अजून सोपं, घड्या सारख्या अंतरावर आहेत का, जोड पूर्ण उंचीभर चिकटलाय का, टोकांना गोंद सगळीकडे लागलाय का हे उघड दिसतं.

४. ती रबराची चकती

तोंडाशी जी छोटी भोकं असतात त्यांच्या मागे रबराचा एक पडदा असतो, त्याला अँटी ड्रेनबॅक वॉल्व म्हणतात. गाडी बंद केल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून तो असतो. तो गेला की सकाळी स्टार्ट केल्या केल्या इंजिनातून दोन-तीन सेकंद खडखड येते आणि ऑइलचा लाल दिवा जरा उशिरा विझतो. लोक टॅपेटचा (इंजिनाचे वॉल्व हलवणाऱ्या भागाचा) आवाज समजून मेकॅनिककडे जातात, आणि कधी कधी दोष या रबराचा असतो.

साधारण दोन प्रकार मिळतात, नायट्राइल आणि सिलिकॉन. नायट्राइल स्वस्त, पण वर्षभर उष्णता खाऊन कडक होत जातं, सिलिकॉन मऊ राहतं. सिलिकॉन बरेचदा नारिंगी किंवा लाल असतं पण नुसत्या रंगावर जाऊ नका, डब्यावर किंवा डेटाशीटवर लिहिलेलं बघा. इअरबडच्या काडीने भोकातून हलकेच दाबून पाहा, मऊपणे आत जाऊन लगेच परत यायला हवं. लांब इंटरव्हलसाठी मला विचाराल तर कागदाच्या आधी मी हेच बघतो, आमच्या इंदूरच्या मे महिन्यात बाहेरच ४२-४३ डिग्री असताना बॉनेटखाली काय होत असेल विचार करा. फक्त तुमच्या गाडीत फिल्टर तोंड वर करून सरळ लटकत असेल तर ऑइल तसंही आतच राहतं, तिथे नायट्राइलवर भागतं. आडवा किंवा उलटा बसत असेल तर सिलिकॉनचे वरचे पैसे द्याच.

५. घ्यायचा कुठला आणि कुठून

माझं मत सरळ आहे. पहिला पर्याय गाडीच्या कंपनीचा जेन्युइन फिल्टर, कारण साध्या पेट्रोल गाड्यांसाठी तो बरेचदा स्वस्तच असतो आणि वॉल्वचा दाब वगैरे बघायची कटकट नाही. दुसरा पर्याय बॉश, मान, माहले, प्युरोलेटर, एलोफिक अशा नावाजलेल्यांपैकी तुमच्या गाडीच्या नंबरसमोर कॅटलॉगमध्ये दिलेला. बिननावाचा फिल्टर तिसरा पर्याय सुद्धा नाही.

छोटी ग्वालटोलीत पार्टच्या दुकानांवर गेलात की 'भिया, ये भी वही है, माल एक ही है' असं कुणीतरी म्हणणारच. शांतपणे सांगायचं, नंबर दाखव आणि पक्कं बिल दे. डब्यावर एमआरपी, महिना-वर्ष, पार्ट नंबर हवा आणि तोच नंबर फिल्टरवर छापलेला हवा. होलोग्राम किंवा क्यूआर असेल तर तिथेच उभं राहून स्कॅन करा. आटा बोटाने चाचपून बघा, खरखरीत किंवा धातूचा बुरा लागलेला असेल तर परत. तोच नंबर दोन दुकानांत बघून हातात तोलून पाहिलात तर नकली बरेचदा हलका लागतो.

आता पैशांचं. समजा चांगला फिल्टर १५० रुपयांनी महाग पडला आणि १०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला दीड पैसा. एवढ्यासाठी इंजिन पणाला लावू नये असं मला मनापासून वाटतं.

६. बसवताना

मेकॅनिक बसवत असेल तरी बाजूला उभे राहा. जुन्या फिल्टरची रबर रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते, तिच्यावर नवीन चढवला की दोन रिंगा होतात आणि स्टार्ट केल्यावर ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. ती जागा स्वच्छ कापडाने पुसा, नव्या रिंगवर बोटाने नवीन ऑइल फिरवा, तोंड वर असणारा फिल्टर असेल तर आत थोडं नवीन ऑइल ओता. मग हाताने चढवत न्या, रिंग टेकली की तिथून साधारण पाऊण फेरी, नाहीतर फिल्टरवर छापलंय तेवढं. पान्याने आवळायचा नाही. कार्ट्रिजवाल्यांनी टोपीची ओ-रिंग दर वेळी नवीन घालायची आणि टोपीवर लिहिलंय तेवढंच आवळायचं, बऱ्याच गाड्यांत २५ न्यूटन-मीटर असतं. मार्करने फिल्टरवर तारीख आणि किलोमीटर लिहा. मिनिटभर गाडी चालू ठेवून खाली वाकून गळती बघा, बंद करा, पाच मिनिटांनी गेजवर (ऑइल मोजायच्या कांडीवर) लेव्हल बघा.

आणि एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करू नका. शहरात सध्या जिकडेतिकडे खोदकाम, बाहेर पडलं की माळव्याची बारीक माती, ती इंजिनात शिरते हवेच्या वाटेने. एअर फिल्टर नीट बसलेला नसेल तर ती वाळू शेवटी ऑइलमध्येच येते आणि ऑइल फिल्टर वेळेआधी भरतो.

७. जुना फिल्टर कापून बघा

एकदा तरी हे कराच. रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या. फिल्टर कटर मिळाला तर उत्तम, हॅक्सॉने कापलात तर ब्लेडचा बुरा आत पडतो आणि उगाच घाबरायला होतं. कागद सोडवून पट्टी पसरा, उन्हात धरा. घड्या उभ्या आहेत का, जोड शाबूत आहे का, रबर वाकतंय का. नव्या गाडीच्या पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये बारीक चमक दिसणं चालतं, पण जुन्या गाडीत चकाकणारे तुकडे दिसले तर लगेच मेकॅनिककडे न्या. चुंबक फिरवून बघा, चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर बेअरिंगचा किंवा ॲल्युमिनियमचा धातू असू शकतो. जळकं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या पिंपात द्या, ते ऑइल रिसायकलला जातं. एवढं स्वच्छ ठेवलेलं शहर आहे आपलं.

यंदाच्या मे महिन्यात मी माझा फिल्टर परत कापला, जेन्युइन, ९,८०० किलोमीटर चाललेला. घड्या सरळ, जोड पक्का, आणि ती चकती बोटात दुमडून सोडली तर लगेच सरळ झाली. तोच नंबर परत आणलाय.