भगव्या टी-शर्टावरचा पांढरा 'मोरया'

टी-शर्ट छपाईच्या चार पद्धती थोडक्यात सांगतो: स्क्रीन म्हणजे जाळीतून शाई ओढणं, डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापून गरम प्रेसने कापडावर चिकटवणं, डीटीजी म्हणजे प्रिंटरने थेट कापडावर छापणं आणि सब्लिमेशन म्हणजे कागदावरचा रंग उष्णतेने पॉलिस्टरमध्ये उतरवणं. इंदुरात या धंद्यात उतरणारी मुलं मला एकच विचारतात, मशीन कोणतं घेऊ? कापडाचं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

पहिल्याच गणपतीत एका मंडळाचे 120 भगवे टी-शर्ट मिळाले. मिरवणुकीत घाम येतो म्हणून त्यांना ड्राय-फिट, म्हणजे घाम लवकर सुकणाऱ्या पॉलिस्टरचे, हवे होते. तोवर मी फक्त सुतीवर स्क्रीन छापलेलं. तीच प्लास्टिसॉल शाई (तापवल्यावरच पक्की होणारी प्लास्टिकची शाई), तीच उष्णता ठेवली. अक्षरं दुधासारखी पांढरी उठली. सकाळी माल द्यायचा होता, म्हणून गरमागरमच घड्या घालून थप्प्या लावल्या.

तिसऱ्या दिवशी मंडळाच्या काकांनी बोलावून घेतलं. 'मोरया'चा पांढरा रंग फिकट नारिंगी झाला होता, थप्पीच्या मधले तर जास्तच. काका ओरडले नाहीत. "बाप्पाचं नाव मळलं रे," एवढंच म्हणाले. ते वाक्य अजून टोचतं.

झालं काय, ते नीट समजून घ्या. पॉलिस्टर ज्या रंगांनी रंगवतात ते जास्त उष्णतेत वायू होऊन धाग्यातून सुटतात. सब्लिमेशन याच गुणावर चालतं. प्लास्टिसॉल पक्कं व्हायला साधारण 160 अंश सेल्सिअस लागतात. तेवढ्या उष्णतेत कापडाचा रंग सुटतो आणि वरच्या पांढऱ्या थरात शिरतो. लगेच दिसत नाही, खरी मेख ती आहे. कधी काही तासांनी दिसतं, कधी दोन-चार दिवसांनी, म्हणजे माल पोचल्यावर. गरम थप्पीत तर ते चालूच राहतं. लाल, मरून, भगव्याला जास्त जपा. डीटीएफ केलं म्हणजे सुटलो असंही नाही, तिथेही प्रेसची उष्णता आहेच.

म्हणून पॉलिस्टरवर लो-ब्लीड, म्हणजे कापडाचा रंग वर येऊ न देणारी, पांढरी शाई घ्या, किंवा कमी उष्णतेत पक्की होणारी. रंग फारच सुटत असेल तर खाली राखाडी ब्लॉकरचा, म्हणजे रंग अडवणाऱ्या शाईचा, एक थर द्या. टी-शर्ट पूर्ण गार झाल्याशिवाय घडी नको. आणि एक नग छापून दोन दिवस ठेवाच. कापडाची खात्री नसेल तर शिवणीच्या आतल्या कडेच्या कापडाचा धागा काढून जाळा, शिलाईचा दोरा नको. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दुकानदार 'कॉटनच आहे' म्हणाला तरी जाळा.

बाकी निवड अवघड नाही, घाबरू नका. सुती, एक-दोन रंग आणि नग भरपूर, तर स्क्रीन. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे दहा नगांत ती परवडत नाही. थोडे नग, रंगीत फोटो, तर डीटीएफ. फक्त छातीभर सलग ठोकळा छापू नका, रेक्झिन घातल्यासारखं होतं. सब्लिमेशन पांढऱ्या किंवा अगदी फिकट पॉलिस्टरवरच, त्यात पांढरी शाई नसते. डीटीजी सुरुवातीला घेऊच नका. गडद कापडाला आधी प्री-ट्रीटमेंटचं द्रावण मारावं लागतं आणि काम नसलं की शाई सोडणारा प्रिंटरचा हेड सुकतो.

मशीन विकणाऱ्याला गुरू करू नका. तो डेमो पांढऱ्या सुतीवर देतो. त्यापेक्षा दिवसभर स्क्वीजी (जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी) ओढणाऱ्या कारागिराकडे दोन महिने फुकट राबा. व्हिडिओत शाईचा वास येत नाही आणि कच्ची राहिलेली शाई बोटाला कळत नाही.

ते 120 टी-शर्ट मी सुतीवर पुन्हा छापून दिले, पदरचे पैसे घालून, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे इंदूरचे सजवलेले चित्ररथ, निघायच्या आदल्या रात्री. मंडळ तुटलं नाही. तुमच्याही हातून एखादी खेप बिघडेल. भरून द्या, माणसं थांबतात.

गणपतीच्या ऑर्डरी मात्र श्रावणातच घ्या. नमुना दोन दिवस टांगून ठेवायला भाद्रपदात कोणी वेळ देत नाही.