पेंटमध्ये ठिपक्यांची रांगोळी: काढा पावच, मिळवा पूर्ण

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज असेल तर पेंट बहुतेक आधीपासूनच असतं. 1985 साली विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबर ते आलं. लहान मुलांचं खेळणं म्हणून त्याला बाजूला सारू नये, कारण ठिपक्यांच्या रांगोळीचे नमुने करायला ते फार सोयीचं आहे. दारात रांगोळी घालण्याआधी रंग कसे दिसतील हे इथे पाहून घेता येतं. इथे आपण 8 ठिपके, 8 ओळींची रांगोळी करू. पण प्रत्यक्ष काढायचा तो तिचा पाव भागच.

1. पेंट उघडा, कंट्रोल आणि ई दाबा. एकक पिक्सेल ठेवून रुंदी 400, उंची 400 करा.

2. गेरूसारखा तांबूस रंग निवडा आणि बादलीने सगळा कागद भरून टाका. रांगोळी गेरूवरच उठून दिसते, म्हणून हे आधी.

3. पांढरा रंग आणि जाड ब्रश घ्या. खालच्या पट्टीत माउसची जागा आकड्यांत दिसते. दोन्ही दिशांना 50, 150, 250, 350 या जागांवर एकेक क्लिक करा. 16 ठिपके झाले. एखादा जरासा सरकला तरी चिंता नको. पुढे तो चारही बाजूंना सारखाच सरकलेला दिसेल.

4. आता रेघा. हा आपला वरचा डावा पाव भाग आहे, म्हणजे रांगोळीचा मध्य उजव्या खालच्या कोपऱ्यात येतो. फूल किंवा दिवा तिथून उमलवत बाहेर आणा. आकारांच्या यादीतलं वक्ररेषेचं चिन्ह घ्या, एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढा, मग तिचा मध्य माउसने बाजूला खेचा. पाकळी वळते. असे दोन बाक देता येतात, त्यामुळे नागमोडी वळणंही जमतात. शिफ्ट दाबून ओढलेली साधी रेघ आडवी, उभी किंवा तिरकी अगदी नेमकी येते. चुकलं तर कंट्रोल आणि झेड.

उजव्या आणि खालच्या कडेला जाणाऱ्या रेघा थेट कडेला टेकवा. अलीकडे सोडल्या तर जोडताना मधे तुटक दिसतील.

5. रंगही आत्ताच भरा. बादली बंद आकारातच थांबते. रेघेत बारीकशी फट असली तरी रंग बाहेर पसरतो. तसं झालं तर मागे जा, चित्र मोठं करून फट शोधा, बुजवा आणि पुन्हा भरा.

6. हा पाव भाग पीएनजी म्हणून सेव्ह करा. जेपीजीमध्ये रेघांच्या कडा गढूळ होतात आणि पुढे रंग बदलताना पांढरट ठिपके उरतात.

7. कंट्रोल आणि ए, मग कंट्रोल आणि सी. पुन्हा कंट्रोल आणि ई दाबून कागद 800 बाय 800 करा. आता कंट्रोल आणि व्ही. आलेला तुकडा निवडलेला असतानाच रोटेट किंवा फ्लिपच्या यादीतून फ्लिप हॉरिझॉन्टल करा आणि उजवीकडे नेऊन ठेवा. दुसऱ्यांदा पेस्ट करून फ्लिप व्हर्टिकल करा, तो खाली डावीकडे. तिसरा 180 अंशांत फिरवून उरलेल्या कोपऱ्यात. जोडावर पांढरी फट दिसली तर तुकडा निवडलेला असतानाच बाणांच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवा.

विंडोज 11 च्या नव्या पेंटमध्ये लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्राचे थर, आहेत, पण या कामात सगळं एकाच लेयरवर ठेवा. नाहीतर कॉपी करताना अर्धं चित्र मागे राहतं.

पूर्ण रांगोळी वेगळ्या नावाने सेव्ह करा. पाव भागाची फाइल जपून ठेवा: पुढच्या वेळी तिच्यातले रंग बदलले आणि सातवी पायरी पुन्हा केली, की त्याच ठिपक्यांवर नवी रांगोळी तयार.