रोथेनबुर्गला गटाने जाताय? तिकिटं अशी काढा

न्युर्नबर्ग किंवा म्युनिकला शिकणारी मुलं एका दिवसासाठी रोथेनबुर्ग या जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या जुन्या तटबंदीच्या गावाला निघतात आणि प्रत्येक जण आपापलं तिकीट काढतो. यात पैसे उगाच जातात.

१. ज्यांच्याकडे डॉइचलांड-तिकीट (देशभरातल्या स्थानिक गाड्यांचा मासिक पास) आहे, त्यांना मोजणीतून आधी वगळा.
२. उरलेल्यांचे ५-५ चे गट करून प्रत्येक गटाला एकच बायर्न-तिकीट (राज्यातल्या स्थानिक गाड्यांचं एका दिवसाचं, जास्तीत जास्त ५ जणांचं तिकीट) काढा. पहिल्या प्रवाशानंतर माणसी थोडीच रक्कम वाढते, त्यामुळे गट पूर्ण भरलेला बरा.
३. तिकिटावर सगळ्यांची नावं घाला. एका तिकिटावरच्यांनी जाता-येता एकत्रच राहायचं.

रोथेनबुर्गच्या गाडीसाठी श्टाइनाख स्टेशनला गाडी बदला. रोथेनबुर्ग स्टेशनपासून जुनं गाव पायी जाण्याइतकं जवळ आहे, बस शोधत बसू नका. गावात शिरल्यावर आधी तटबंदीवर चढा. तिथे फिरायला पैसे लागत नाहीत, डोक्यावर छप्पर असल्याने पावसातही चालता येतं, आणि तांबूस कौलांचं सगळं गाव एका नजरेत येतं. आमच्या मते दिवसातला सगळ्यात सुंदर भाग हाच! जिने मात्र अरुंद आहेत, एकामागोमाग एक चढा.

एक काळजी घ्या: बायर्न-तिकीट सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं (सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी ही अट नाही), आणि आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना कधीच नाही.