थोरला तेराचा, धाकटी सहाची: दोघांना एका पटावर कसं बसवायचं?

पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की कोल्हापुरात पोरांचा एकच प्रश्न: उद्या शाळा आहे का? सुट्टी मिळाली की सकाळ आनंदात जाते आणि दुपारी भांडण ठरलेलं. आमच्याकडे थोरला मोबाइल घेऊन कोपऱ्यात आणि धाकटी त्याच्या पाठीवर, असं चालायचं. या दोघांना एकत्र आणलं ते चल्लस आठ या जुन्या पटावरच्या खेळानं.

आधी एक चूक टाळा. मी ती वर्षभर केली. "जरा खेळव तिला," असं मोठ्याला सांगू नका. त्याच्यासाठी ते काम होतं आणि धाकटी लिंबूटिंबू ठरते. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तसं त्याचं जिंकणंही कुणी धरत नाही. सहा वर्षांच्या पोरीला हे बरोबर कळतं.

मग साहित्य दोघांनाच करू द्या. चार चिंचोके घ्या आणि ओल्या खरबरीत दगडावर एक बाजू घासायला लावा, तपकिरी साल जाऊन पांढरं दिसेपर्यंत. वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आमच्या धाकटीचा चिंचोका सारखा बोटांतून निसटायचा. शेवटी तिनं तो मुकाट्यानं दादापुढे सरकवला आणि त्यानंही काही न बोलता घासून दिला. मला तिथंच पट जमल्यासारखा वाटला. (घरात अगदी तान्हं किंवा रांगतं मूल असेल तर चिंचोके मोजून डबीत ठेवा, तोंडात जातात.)

लाकडी पाटावर खडूनं पाच ओळी, पाच रकाने, अशी २५ घरं काढा. चारी बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली मारा. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. एकाचे शेंगदाणे, दुसऱ्याची बटणं चालतात. चिंचोके टाकायचे आणि पांढऱ्या बाजू मोजायच्या. चारही पांढरे तर चार, एकही पांढरा नाही तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा डाव. आपल्या फुलीपासून बाहेरची घरं फिरायची, मग आतल्या आठ घरांतून उलट दिशेनं मधल्या फुलीत. वाटेत दुसऱ्याची सोंगटी गाठली की ती मेली, पहिल्यापासून सुरुवात. फुलीवर मात्र मारता येत नाही. घरोघरी नियम थोडे बदलतात. आजीला विचारलंत तर तीच पदर खोचून बसेल.

या खेळात दान महत्त्वाचं, म्हणून वयाचा फरक फार आड येत नाही. तरी कुठली सोंगटी पुढं काढायची हे मोठ्याला जास्त कळतं. त्यासाठी त्याला मुद्दाम हरायला सांगू नका, मुलांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा डावाआधी सवलत ठरवा: जिंकायला दादानं चार सोंगट्या मधल्या फुलीत न्यायच्या, तिनं तीन. किती सोडायच्या हे त्यालाच सुचवू दे, तिलाच कबूल करू दे. ती सलग तीन डाव जिंकली की तिचीही चौथी सोंगटी पटावर येते. आमच्याकडे ती आली तेव्हा पोरगी गल्लीभर सांगत सुटली.

खेळ सुरू झाला की तुम्ही उठा. मी स्वयंपाकघरात जाते. "दादा, बघ की, चार पांढरे पडल्यात!" "तू हातानं फिरवलास!" "रडीचा डाव खडी!" एवढं ऐकू येतं, पण लगेच धावायचं नाही. मारामारीवर आलं तरच जायचं. आणि गेलात तरी कोण खरं हे ठरवत बसू नका, ते दान परत टाकायला लावा.

एका बैठकीला दोन डाव पुरेत. जेवायची वेळ झाली आणि डाव अर्धा राहिला तर मोडू नका. सोंगट्यांसकट पाट अलगद उचलून कपाटावर ठेवा. आमची धाकटी दात घासता घासता आधी तिकडंच बघते, दादानं रात्रीत सोंगटी हलवली तर नाही ना.