शिवलेल्या मज्जातंतूला विद्युत उत्तेजन देताना

उत्तेजनाने अक्षतंतूंच्या, म्हणजे मज्जातंतूतील बारीक धाग्यांच्या, वाढीचा वेग वाढतो, अशी समजूत मनात ठेवून हे उपचार करू नयेत. तो वेग साधारणपणे दिवसाला १ मिलिमीटर एवढाच राहतो. तुटलेला मज्जातंतू शिवल्यावर त्यातील सगळे अक्षतंतू एकाच वेळी जोड ओलांडत नाहीत, काही तर आठवडेच्या आठवडे तिथे अडखळतात, आणि उत्तेजनामुळे कमी होते ती ही दिरंगाई.

शिवण पूर्ण झाल्यावर एक इलेक्ट्रोड जोडाच्या वरच्या, म्हणजे मेरुरज्जूकडील बाजूस, मज्जातंतूला लागून ठेवावा आणि दुसरा त्याच बाजूच्या जवळच्या मऊ ऊतींमध्ये बसवावा. जागेची ही अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण विद्युत संवेदांनी उलट दिशेने पेशीकायेपर्यंत, म्हणजे चेतापेशीच्या मुख्य भागापर्यंत, पोहोचणे आवश्यक असते. तिथे सायक्लिक एएमपी (पेशीतील संदेशवाहक रेणू) आणि बीडीएनएफ (चेतापेशींच्या वाढीला मदत करणारे प्रथिन) यांची पातळी वाढते व पुनर्वाढीची जनुके कार्यरत होतात. प्राण्यांवरील प्रयोगांत हा वरचा मार्ग औषधाने रोखल्यावर उत्तेजनाचा लाभच नाहीसा झाला. म्हणून इलेक्ट्रोड आणि मेरुरज्जू यांच्यामध्ये भूल देणारे औषध टोचलेले नसावे, आणि रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा आधीच सोडलेला असावा.

प्रवाह २० हर्ट्झ वारंवारतेचा, सुमारे ०.१ मिलिसेकंदाच्या स्पंदांचा आणि १ तास द्यावा. उंदरांच्या मांडीतील मज्जातंतूवर झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका तासाचा परिणाम दोन आठवड्यांच्या अखंड उत्तेजनाइतकाच दिसला, त्यामुळे वेळ लांबवण्यात अर्थ नाही. रुग्ण जागा असल्यास तीव्रता हळूहळू वाढवून त्याला सोसेल तिथे थांबावे. मज्जातंतू पूर्ण तुटलेला असेल, तर जोडाखालच्या स्नायूंत आचके दिसणार नाहीत. ते दिसावेत म्हणून प्रवाह वाढवत नेणे चुकीचे ठरेल.

पेसमेकर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याविना हे करू नये. कार्पल टनेल (मनगटात दबलेला मज्जातंतू), क्युबिटल टनेल (कोपरात दबलेला मज्जातंतू) आणि बोटांचे मज्जातंतू यांवरील शस्त्रक्रियांनंतर झालेल्या मानवी चाचण्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, तरी मोठ्या फटी भरून काढण्याचे काम उत्तेजनाचे नाही, तिथे कलमच, म्हणजे मज्जातंतूचा तुकडा मध्ये जोडणेच, लागते. फिजिओथेरपीत दुबळ्या स्नायूंना त्वचेवरून दिला जाणारा प्रवाह हा वेगळा उपचार आहे, आणि रुग्णाने घरच्या यंत्राने तो या उपचाराऐवजी घेऊ नये, हे त्याला शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट सांगावे.