पोलीस भरतीची तयारी स्वतःच्या पैशावर कशी करावी

शिपाई म्हणून निवड झाली की पुढचं प्रशिक्षण सरकार देतं आणि त्या काळात पगारही चालू होतो. खिशातून खर्च करायचा तो त्याच्या आधी, भरतीच्या तयारीत. घरून पैसे येण्यासारखी परिस्थिती नसेल आणि तरीही वर्दी अंगावर चढवायची असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी स्वतः काम करत तयारी केली. माझ्याबरोबर मैदानावर येणारी बरीच मुलं पळण्यात मागे नव्हती, त्यांचे पैसे संपले.

सगळ्यात आधी वही घ्या आणि पैसे किती महिने पुरवायचे आहेत ते लिहा. बहुतेकांची चूक इथेच होते. जाहिरात येणार अशी कुजबुज सुरू झाली की पोरं जमवलेली सगळी रक्कम अकादमीची फी म्हणून एकदम भरतात, आणि मग भरती लांबते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अर्ज भरलेल्यांची लेखी परीक्षा २०२१ मध्ये झाली. कोरोना आला होता हे खरं, पण इतर वेळीही तारखा सरकतात. २०२४ मध्ये मार्च-एप्रिलमध्ये अर्ज भरून घेतले, जूनमध्ये मैदानी चाचणी सुरू झाली, आणि मुंबईच्या शिपाई पदाची लेखी थेट जानेवारी २०२५ मध्ये झाली. म्हणून हिशोब महिन्याचा करा. हातात तीस हजार आहेत आणि महिन्याला अडीच हजार लागतात, तर बारा महिने निघतात. तेच तीस हजार पहिल्या आठवड्यात फीमध्ये गेले, तर दुसऱ्या महिन्यात मेसचे पैसे कुठून देणार?

आता काम शोधा. काम असं हवं की पहाटे पाच ते आठ हा वेळ तुमचा राहील. दुपारची पेट्रोल पंपाची पाळी, दुकानातली नोकरी, संध्याकाळची पार्सल पोचवण्याची कामं चालतात. रात्रीची वॉचमनकी सोपी वाटते, कारण बसून अभ्यास होईल असं मनात असतं. मी ती चार महिने केली आणि माझा सोळाशे मीटरचा वेळ सुधारायचा सोडून वाढत गेला. झोप गेली की पाय चालत नाहीत. होमगार्डमध्ये जागा निघाल्या तर जरूर प्रयत्न करा. बंदोबस्ताच्या दिवसांचा भत्ता मिळतो, शिस्तीची सवय लागते, आणि तीन वर्षं सेवा झालेल्या होमगार्डसाठी पोलीस भरतीत ५ टक्के आरक्षण आहे.

अकादमी लावायचीच का, हा प्रश्न मनाशी नीट सोडवा. त्याआधी मोफत काय मिळतं ते बघा. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या सरकारी संस्था आपापल्या प्रवर्गातल्या उमेदवारांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या योजना काढतात, अल्पसंख्याक उमेदवारांसाठीही अशी योजना असते. अर्जाची मुदत थोडी असते, म्हणून त्यांच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला नजर टाकत जा. तिथे नंबर लागला नाही आणि खासगी अकादमी लावायची ठरली, तर आधी पहाटे जाऊन मैदान बघा. शिकवणारा माणूस प्रत्येकाचा वेळ लिहून ठेवतो का? गोळ्यासाठी आखलेलं वर्तुळ आहे का? फी हप्त्याने द्या, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, मध्येच सोडावं लागलं तर किती परत मिळणार ते लिहून घ्या. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला कुणाकडेही ठेवायला देऊ नका. माझ्या मित्राची नडगी दुखायला लागली, डॉक्टरांनी सहा आठवडे पळू नको म्हटलं, आणि त्याच्या वर्षभराच्या फीतला एक रुपयाही परत आला नाही. कागद नव्हता, बोलणार काय?

अकादमीशिवायही मैदान निघतं, फक्त काय मोजलं जातं ते पक्कं माहीत हवं. शिपाई पदाची मैदानी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २० गुण. १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत काढलं तर पूर्ण २०, मुलींना ८०० मीटरसाठी तोच आकडा २ मिनिटं ५० सेकंदांचा. गोळा मुलांचा ७.२६० किलोचा, पूर्ण गुणांसाठी साडेआठ मीटर. मुलींचा ४ किलोचा, सहा मीटर. निम्मे गुण मिळाले तर पात्र, पण एका जागेमागे दहाच जण लेखीला बोलावतात. त्यामुळे २५ वर समाधान मानलं की खेळ तिथेच संपतो. २०२४ मध्ये १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते.

गोळा चौघांत मिळून एकच विकत घ्या, तो कुठे जात नाही. घड्याळ मोबाईलमध्ये आहे. पैसे घालायचे ते बुटांत, तिथे काटकसर करू नका. पातळ तळव्याच्या बुटांनी डांबरी रस्त्यावर रोज पळून नडग्या गेलेली किती मुलं पाहिली आहेत! जिल्हा परिषदेच्या शाळेचं मातीचं मैदान असेल तर रस्ता सोडा. हायवेच्या कडेने पळणं भागच असेल, तर समोरून वाहनं येतील अशा बाजूने आणि पांढरा शर्ट घालून पळा.

खाण्यासाठी डबे भरभरून पावडर लागत नाही. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, अंडी, केळी, दूध आणि दोन वेळचं पोटभर जेवण पुरतं. ताकदीची इंजेक्शनं कुणी देऊ केली तर त्या माणसापासून लांब राहा, त्यात जीव जातो आणि भरतीही.

लेखी १०० गुणांची असते: गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. पुस्तकांचा ढीग नको. जिल्हावार जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक संच आणि गावातली किंवा ग्रंथालयाची अभ्यासिका एवढ्यावर पाया होतो.

कागदपत्रांसाठी थोडी रक्कम वेगळी काढा आणि जाहिरातीची वाट न बघता कामाला लागा. डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर. मैदान मारलेला मुलगा दाखल्यावरच्या तारखेमुळे प्रवर्गातून बाहेर पडतो, तेव्हा फार वाईट वाटतं. २०२४ च्या भरतीत अर्जाची फी खुल्या प्रवर्गाला ४५० आणि मागासवर्गीयांना ३५० रुपये होती. पुढे मैदानीच्या जागी आदल्या दिवशी पोचायचं भाडं आणि एका रात्रीची सोय वहीत आधीच लिहून ठेवा. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे. फुटपाथवर रात्र काढून पहाटे पळणाऱ्यांचे गुण जातात, आणि ते पाचशे रुपयांसाठी जातात.

सावकाराचं कर्ज घेऊ नका. आणि "साहेबांची ओळख आहे, दोन-तीन लाखांत काम होईल" म्हणणाऱ्याला दमडीही देऊ नका. गुण मैदानावर आणि उत्तरपत्रिकेवर पडतात. अशा माणसाला शेत विकून पैसे दिलेलं घर मी पाहिलं आहे.

निवड यादीत नाव आलं तरी वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी बाकी असते, त्यात महिने जाऊ शकतात. त्यातून पार पडल्यावर प्रशिक्षण केंद्रात जाताना पेटी, कपडे, पहिल्या महिन्याचा मेस हा खर्च येतोच, पगार हातात पडेपर्यंत तो तुम्हालाच करायचा आहे. त्यामुळे यादी लागली त्याच दिवशी मालकाला राजीनामा देऊ नका. नियुक्तीचा आदेश हातात येईपर्यंत दुपारची पाळी चालू ठेवा.